शालनवैनींचा सोमवार

"तुझी वैनी गेली गं," असं दादा फोनवर म्हणाला आणि माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला, "कुणी?" कुणी मारलं, असं मला विचारायचंय हे दादानं ओळखलं. मग म्हणाला, "कुणी न्हाई. आपली आपण गेली. मेथी निवडत बसली व्हती, तिथंच कलंडली." मी तेव्हा शाळेच्या व्हरांड्यात उभी होते. आत चौथीची मुलं पाढे म्हणत होती, आणि मला एकाच वेळी रडू आलं आणि सुटल्यासारखंही वाटलं. माणूस गेल्याच्या बातमीत सुटका कसली, असं कुणी विचारील. पण गेली कित्येक वर्षं ही बातमी दुसऱ्याच तऱ्हेनं येणार, असं मी मनाशी धरून चालले होते. उसाच्या कडेला गाडी पडलेली दिसली... ओढ्यात कुणीतरी सापडलं... अशी कितीतरी वाक्यं मी दादाच्या आवाजात मनातल्या मनात ऐकून ठेवली होती. त्यातलं एकही खरं ठरलं नाही. शालनवैनी आपल्या ओसरीवर, सकाळच्या उन्हात, हृदयविकारानं गेल्या. डॉक्टरांनी तसं लिहून दिलं. तरी पुढचे काही आठवडे मी दादाला पुन्हापुन्हा विचारत राहिले, "त्या दिवशी कुणी आलं होतं का रे घरी?"

मी मुळातच भित्री. केडगावात स्टेशनाजवळ राहते, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, दाराला कुलूप लावलं की अर्ध्या रस्त्यातून परत येऊन ते ओढून बघते. माझं माहेर खुटबावच्या वाटेवर आहे. गावाचं नाव लिहीत नाही, माणसांचीही बदलली आहेत, आणि का ते पुढं कळेलच. शालनवैनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. त्या शिरूर तालुक्यातल्या, तळेगाव ढमढेऱ्याच्या. त्यांचे वडील, आप्पा, तिथल्या आठवडे बाजारात भाजी घेऊन बसत आणि भाव ओरडायचं काम या लेकीकडं असे. त्यामुळं त्यांचा आवाज बाजारात तयार झालेला. लग्न होऊन घरी आल्या तेव्हा साधं "चहा घेता का?" विचारलं तरी मळ्यातल्या गड्यापर्यंत ऐकू जाई. "वैनी, हळू बोला, शेजारी ऐकतात," असं मी म्हणायची. त्यावर त्या म्हणायच्या, "ऐकू द्या की वन्सं. आपुन काय चोरी करतोय व्हय?" नणंद-भावजयीचं आमचं नातं असं होतं. मी दार लावणारी आणि त्या उघडणाऱ्या.

ग्रामपंचायतीत बायकांसाठी जागा राखीव झाली तेव्हा भावकीनं वैनींचं नाव दिलं, त्या निवडून आल्या, आणि पहिलं वर्षभर मीटिंगला दादा जात राहिला. यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. सगळीकडं तशीच रीत होती. मी तर खूशच होते, कारण दादा कुणाशी भांडत नाही. पण एका पावसाळ्यात दादाला ताप भरला आणि वैनी स्वतः गेल्या, आणि परत आल्या त्या चपलासुद्धा न काढता ओसरीवर टेकल्या. ग्रामसभेची एक खुबी त्यांच्या लक्षात आली होती. ग्रामसभेला ठराविक माणसं जमली नाहीत तर ती तहकूब होते, आणि तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा किती माणसं आली हे कुणी विचारत नाही. मग चार टाळकी बसून हवा तो ठराव करून टाकतात. आमच्या गावात पहिली सभा कागदावर दुपारची असे, प्रत्यक्षात सुरू होई दिवेलागणीला. आणि आमच्या भागात दिवेलागणीला उसातून बिबट्या बाहेर पडतो. वस्त्यांवरच्या बायका त्या वेळी पोरांना आत घेऊन, शेळ्या कोंडून, दार लावून बसतात. "सभा त्यांनी न्हाई मोडली वन्सं," वैनी म्हणाल्या. "बिबट्याकडनं मोडून घेतली." मला ते ऐकून अंगावर काटा आला, आणि काटा आला तो बिबट्यामुळं नव्हे, तर हे त्यांना कळलंय या गोष्टीमुळं. कळलेलं पोटात ठेवायची त्यांना सवयच नव्हती.

पुढं त्या पुण्याच्या एका संस्थेच्या शिबिरांना जायला लागल्या आणि तिथल्याच एका बाईंनी त्यांचं नाव परदेशातल्या एका फेलोशिपसाठी सुचवलं. आपापल्या देशात लोकशाहीसाठी काम करणारी माणसं निवडायची, काही महिने एका ठिकाणी ठेवायची, शिकवायचं आणि एकमेकांना भेटवायचं, असा तो कार्यक्रम होता. आम्ही सगळ्यांनी त्याची चेष्टा केली. दादा म्हणाला, "तिकडं काय लोकशाही संपलीय, म्हणून हिला न्यायला लागलेत?" मी वरवर हसले, पण पासपोर्टच्या चौकशीला पोलीस घरी येऊन गेले त्या दिवसापासून माझी झोप उडाली. शाळेत इंग्रजी मी शिकवते आणि बोलायची वेळ आली की माझी दातखीळ बसते. वैनींचं इंग्रजी बारावीपर्यंतचं, तेही नापास होत होत पुढं सरकलेलं. पण त्या भाव ओरडल्यासारख्या बिनधास्त बोलायच्या. जाताना त्यांनी बॅगेत ज्वारीचं पीठ, काळा मसाला, लसणाची चटणी आणि एक तवा नेला. विमानतळावर त्या तव्यापायी सगळी बॅग उघडायला लागली. मी काचेबाहेर उभी राहून देवाचं नाव घेत होते, आणि आत वैनी त्या अधिकाऱ्याला भाकरी कशी थापतात ते हातवारे करून सांगत होत्या.

तिथल्या गोष्टी त्यांनी मला इतक्यांदा सांगितल्या की मी स्वतः तिथं राहून आल्यासारखी मला आता त्या थंड शहरातली खोली दिसते. निरनिराळ्या देशांतली माणसं आणि सगळ्यांत मिळून एक स्वयंपाकघर. पहिल्याच दिवशी शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं की तुम्हाला भीती कशाची वाटते. कुणी तुरुंग म्हणालं, कुणी गोळी म्हणालं. वैनी म्हणाल्या, "बिबट्या." सगळे हसले. मग त्यांनी आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत दिवेलागणीची सभा, ऊस आणि तहकुबीची युक्ती समजावून सांगितली, आणि हसू थांबलं. आफ्रिकेतला एक म्हातारा शाळामास्तर उठून उभा राहिला. तो म्हणाला, आमच्याकडं सभा नदीपलीकडं ठेवतात आणि नेमकी त्याच दिवशी होडी बंद असते. त्याच्या शेजारी एक मुलगी बसली होती, सगळ्यांत लहान. ती म्हणाली, आमच्याकडं त्या दिवशी इंटरनेट जातं. "वन्सं, त्या घडीला मला असं रडू आलं," वैनी सांगायच्या. "इतकी वर्सं मला वाटायचं, आपलंच गाव तेवढं लबाड. ह्या तिन्हीकडच्या लबाडांनी कुठल्या एका शाळंत शिकून ही अक्कल काढली असंल?" त्या रात्रीपासून मास्तर, ती मुलगी आणि आमच्या वैनी अशी तिघांची गट्टी झाली. मुलीला त्या 'धाकटी' म्हणत. तिचं खरं नाव मला माहीत आहे, पण ते आणि तिच्या देशाचं नाव मी इथं लिहिणार नाही; वैनींनीच तशी ताकीद देऊन ठेवलेली आहे.

रोज संध्याकाळी त्या स्वयंपाकघरात जो येईल त्याला वैनी विचारायच्या, "काय कालवण?" आपल्याकडं भाकरीबरोबर जे काही ओलं-पातळ असतं ते कालवण, रस्सा असो नाहीतर आमटी. महिन्याभरात तिथली सगळी माणसं एकमेकांना मराठीतून "काय कालवण?" असं विचारायला लागली. निघायची वेळ जवळ आली तेव्हा धाकटी म्हणाली की तिकडं गेल्यावर मला हे कोण विचारणार. त्यावरून मास्तरांनी साखळी ठरवली. दर सोमवारी एकानं पुढच्याला विचारायचं, पुढच्यानं त्याच्या पुढच्याला. कालवण सांगितलं तर सगळं ठीक. उत्तर आलं नाही, किंवा काही शिजलंच नाही असं उत्तर आलं, तर माणूस अडचणीत आहे असं धरून बाकीच्यांनी हालचाल करायची. मास्तर वैनींना विचारणार आणि वैनी धाकटीला. धाकटीच्या देशात फोन ऐकले जातात, म्हणून तिचा नंबर फक्त वैनींकडं राहील, दुसऱ्या कुणाकडंही नसेल, असंही ठरलं. मला वैनींनी हे आल्याआल्या सांगितलं. मी म्हटलं, "असला कसला खेळ हा?" त्या म्हणाल्या, "खेळ न्हाई. म्हशीला जसं दिस मावळला की गोठ्यात आली का बघतो, तसं हाय."

आल्यानंतरच्या पहिल्या ग्रामसभेची हकीकत गावात अजून सांगतात. टँकरवाल्यांना ओढ्याकाठच्या गायरानावर टँकरचा तळ करायला ना-हरकत हवी होती. टँकर कारखान्यांचं सांडपाणी ओढ्यात सोडणारे, हे सगळ्यांना माहीत होतं. ओढ्याच्या पाण्याला येणाऱ्या वासावरून कुणालाही कळलं असतं. सभा नेहमीप्रमाणं दिवेलागणीला. वैनींनी वस्तीवस्तीवर जाऊन सांगितलं, की बिबट्या एकट्याला गाठतो, घोळक्याच्या वाटेला जात नाही. दिवस कलताना शेवटच्या वस्तीपासून बायका निघाल्या, वाटेतल्या प्रत्येक वस्तीवर थांबून तिथल्या बायकांना घेत, हातात काठ्या, ताटल्या, मोबाईलवर मोठ्यानं लावलेली लग्नातली गाणी. मी शाळेतून सुटून मुद्दाम गेले होते, आणि खरं सांगायचं तर घोळक्याच्या मधोमध चालत होते. उसाची पानं सळसळली की मी पुढच्या बाईचा पदर धरायची. देवळासमोर पोचलो तेव्हा तिथल्या खुर्च्या कमी पडल्या. सभा तहकूब करता आली नाही, आणि ना-हरकत नामंजूर झाली. घरी आल्यावर वैनींनी मास्तरांना ते कळवलं. पुढं काही महिन्यांनी मास्तरांनी कळवलं की त्यांच्या गावच्या लोकांनी सभेच्या आदल्या दिवशीच नदी ओलांडली आणि पलीकडच्या काठावर जेवण करून मुक्काम केला. ते वाचून वैनी तळेगावच्या बाजारात पहिल्यांदा सगळा माल खपला होता तेव्हा हसल्या असतील तशा हसल्या.

माझं भय मात्र तिथून खरं सुरू झालं. एका दुपारी केडगावच्या माझ्या घरी टँकरवाल्यांकडून एक गृहस्थ आले. पांढरा शर्ट, पायात कोऱ्या चपला, बोलणं अगदी मऊ. मी चहा केला. त्यांनी माझ्या शाळेची चौकशी केली, बदली कुठं होऊ शकते त्याबद्दल बोलले, माझा मुलगा रोहन रांजणगावला कुठल्या कंपनीत आहे हे मी न सांगता त्यांना ठाऊक होतं. उठताना म्हणाले, "मॅडम, तुमच्या वैनींना समजावून सांगा. उसातनं एकट्यानं येजा करत जाऊ नये. बिबट्याचं काय सांगावं?" बशीत सांडलेला चहासुद्धा त्यांनी पिऊन टाकला होता. ते गेल्यावर मी कप धुतला आणि धुतलेला कप पुन्हा धुतला. संध्याकाळी वैनींना सांगितलं तर त्यांनी आधी रोहनची चौकशी केली. मग म्हणाल्या, "मला बी भ्या वाटतं वन्सं. न्हाई असं न्हाई. पर भ्यालेलं त्यास्नी दिसलं, की रोज येत्याल." त्यांना माणसांची भीती वाटते, हे त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं. मला त्यानं धीर यायला हवा होता. उलट मी जास्तच घाबरले.

आणि मग ती हरतालिका आली. लोकशाहीवर जगभर बोलून आलेली ही बाई हरतालिकेचा उपवास निर्जळी करायची, त्यावरून मी चिडवलं की म्हणायची, "तुमच्या दादाला पुढच्या सात जन्मी दुसरी बायको कोण देनार?" त्या वर्षी हरतालिका नेमकी सोमवारी पडली. मास्तरांनी नेहमीप्रमाणं विचारलं, काय कालवण? वैनींनी पूजेच्या गडबडीत आपल्या इंग्रजीत लिहून टाकलं, की आज अन्न नाही, पाणी नाही, रात्रभर बायकांबरोबर बसून जागायचं आहे, फोन बंद राहील. आणि फोन बंद करून त्या जागरणाला निघून गेल्या. ते वाचून तिकडं मास्तरांचं काय झालं असेल याची कल्पना करा. अन्न नाही, पाणी नाही, बायकांच्या कोठडीत रात्रभर जागी ठेवलीय. मास्तरांनी सगळ्यांना उठवलं. फेलोशिपच्या कचेरीला कळवलं, त्यांनी आणखी कुणाला, त्या कुणी दिल्लीत, दिल्लीतून मुंबईत. दुसऱ्या दिवशी गणेशचतुर्थी. दादाकडं गणपती आणायची लगबग, मी मोदकाच्या पारीला पीठ मळत होते, आणि पोलिसांची जीप दारात येऊन उभी राहिली. माझ्या हातातली परात निसटून खाली गेली. मला वाटलं, झालं... वैनींना न्यायला आले. अर्धी आळी आमच्या अंगणात गोळा झाली. फौजदारांनी टोपी काढली आणि विचारलं, "शालनताई कोण? तुम्ही सुखरूप आहात ना? वरून फोनवर फोन येतायत." वैनींना काय झालं ते क्षणात कळलं आणि त्या अशा हसत सुटल्या की शेवटी फौजदारही हसले. दादानं त्यांना मोदक खायला घातले. जाताना त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "ताई, तुम्हाला कुणाचा त्रास आहे का? असला तर सांगा." वैनी म्हणाल्या, "अजून तरी न्हाई साहेब." घोळक्याच्या मागं पांढऱ्या शर्टातले गृहस्थ उभे होते. त्यानंतर ते माझ्या दारात कधी आले नाहीत.

ही गोष्ट आम्ही घरात हसण्यासाठी सांगतो, पण मी ती सांगताना कधी पुरती हसलेली नाही. एक धाक गेला आणि दुसरा आला. गावात बोलणं सुरू झालं, की हिला परदेशातनं पैसा येतो, हिच्यासाठी दिल्लीतनं फोन येतात, ही नक्की कुणाची माणूस. कुणीतरी वर अर्जही केला. चौकशीला माणसं येऊन गेली, वैनींनी त्यांना घरभर फिरवून तो तवा दाखवला. चौकशीत काही निघालं नाही, कारण निघण्यासारखं काही नव्हतं. पण रोहनच्या कंपनीत त्याला कुणीतरी विचारलं आणि तो माझ्यावर चिडला. "आई, मामी मोठी असेल, पण आपण साधी माणसं आहोत," तो म्हणाला. मला त्याचं पटत होतं. वैनींसमोर मी ते कधी बोलले नाही, पण मी सोमवारी दादाकडं असले आणि त्या फोन हातात घेऊन ओसरीच्या कोपऱ्यात, जिथं रेंज येते तिथं जाऊन बसल्या, की मी तिथून उठून आत जायची. धाकटीच्या देशात तेव्हा दिवस बिघडले होते. ती या घरातून त्या घरात राहत होती. कालवण म्हणून कधी नुसता कांदा सांगायची, कधी पाण्यात भिजवलेला पाव. वैनी फोन ठेवून म्हणायच्या, "खरं बोलतीय पोरगी. खोटं सांगायचं असतं तर मटण न्हाई का सांगितलं असतं?" एकदा सलग काही सोमवार तिनं उचललं नाही; मास्तरांनी कचेरीमार्फत चौकशी केली, पण काही कळेना. त्या दिवसांत वैनींचं जेवणावरून मन उडालं. अशाच एका सोमवारी अखेर तिचा आवाज आला, आणि वैनी ओसरीवरून ओरडल्या, "वन्सं, मसुराची आमटी!" साऱ्या गल्लीला ऐकू गेलं असेल. आत स्वयंपाकघरात मी देवासमोर साखर ठेवली.

वैनी गुरुवारी गेल्या. घरात सुतक, भावकीतून येणाऱ्या भाकरी, दादा भिंतीला टेकून बसलेला. सोमवारी त्यानं त्यांचा फोन माझ्या हातात दिला. "ह्यातलं मला काय कळत न्हाई. ते मास्तर इचारत असत्याल." मास्तरांचा प्रश्न आलेलाच होता. रोहन शेजारी होता, तो म्हणाला, "बंद करून टाक आई. मामी होती तोवर ठीक होतं." मी फोन बंद केला आणि कपाटात ठेवला, आणि दिवसभर माझ्या कानात जीपचा आवाज येत राहिला. उत्तर गेलं नाही तर पुन्हा दारात जीप येणार, पुन्हा आळी गोळा होणार, या भीतीनंच दुसऱ्या दिवशी मी मास्तरांना कळवलं, की शालन गेली, हृदयविकारानं, घरात, कुणाचा काही संबंध नाही. बऱ्याच वेळानं मास्तरांचं उत्तर आलं. आपल्या गावच्या शाळेत आज तिच्यासाठी मुलांना उभं केलं, असं त्यांनी लिहिलं होतं. आणि खाली एकच ओळ, की धाकटीला आता कुणी विचारायचं? तिचा नंबर आमच्यातल्या कुणाकडंच नाही.

पुढचा सोमवार मी तसाच घालवला. स्वतःला शंभर कारणं दिली. माझी नोकरी, रोहनची नोकरी, त्या देशातले फोन ऐकणारे लोक, माझं इंग्रजी. पण संध्याकाळी भाजी फोडणीला टाकली आणि मनात आलं, की कुठल्यातरी परक्या घरात, पडदे ओढून, ती पोरगी फोन समोर ठेवून बसली असेल. दोन सोमवार तिला कुणी विचारलेलं नव्हतं. ती काय समजली असेल? आपली पाळी संपली असं? की आपल्यामुळं शालनला कुणी धरलं असं? त्यानंतरच्या सोमवारी मी शाळेतून परस्पर दादाकडं गेले. ओसरीच्या त्या कोपऱ्यात बसले. नंबर लावताना दोनदा आकडा चुकला. शेवटी दादानं दाबून दिला.

पहिल्या घंटेलाच तिनं उचललं. मी "काय कालवण?" म्हणाले. मग बारीक आवाजात तिनं विचारलं, "नणंद?" हा शब्द तिनं मराठीतच आणि अगदी स्वच्छ उच्चारला. पुढचं आम्ही दोघी मोडक्या इंग्रजीत बोललो. इथं आपल्या भाषेत लिहिते. मी तिला सांगितलं. ती रडली, पण आवाज न करता. तिच्या घरात भिंतीपलीकडं कुणीतरी असणार. मग म्हणाली, "शालन म्हणाली होती, माझ्यामागं माझी नणंद विचारील."

"मला त्या कधीच काही बोलल्या नाहीत," मी म्हणाले.

"विचारलं तर ती नाही म्हणेल, असं म्हणाली होती. मी विचारलं, मग तिचंच नाव का देतेस? तर म्हणाली, ती आमच्या घरात सगळ्यांत भित्री आहे. धीट माणूस कामाच्या नादात विसरतं. भित्रं माणूस विसरत नाही. दार लागलं का, माणूस घरी आलं का, दिवसभर त्याच्या डोक्यात तेवढंच असतं."

मी दादाकडं पाहिलं. त्याला इंग्रजी कळत नव्हतं, पण माझा चेहरा बघून त्यानं मान फिरवली. इतकी वर्षं ज्या गोष्टीची मला लाज वाटत होती, ती या बाईनं कधीपासून जोखून, कुणाच्या तरी उपयोगी पडेल म्हणून बाजूला काढून ठेवली होती, आणि मला पत्ता लागू दिला नव्हता. मला त्यांचा रागही आला, आणि त्या समोर असत्या तर मी त्यांच्या गळ्यात पडले असते. धाकटीनं त्या दिवशी बटाट्याचं कालवण केलं होतं. माझं वांग्याचं होतं. ते मी मास्तरांनाही कळवलं.

तेव्हापासून सोमवारी शाळा सुटली की मी दादाच्या ओसरीवर असते. रोहनला सांगितलंय, तो नाराज आहे, पण परतायला उशीर झाला की तोच मोटारसायकल घेऊन न्यायला येतो. भीती तसूभर कमी झालेली नाही. एखादी अनोळखी गाडी घरासमोर थांबली की मी अजून कडी लागली आहे का ते जाऊन बघते, आणि हे लिहितानासुद्धा कुठलं खरं नाव चुकून राहिलं तर नाही ना म्हणून मी पानं पुन्हापुन्हा तपासते आहे. आजही सोमवार आहे. आत दादानं पिठलं टाकलंय, ऊस वाऱ्यानं वाजतो आहे, दिवेलागण झाली. धाकटीला शाळा सुटल्यापासून फोन करते आहे. घंटा पूर्ण वाजते आणि थांबते. मी पुन्हा लावते आहे.